दुखणे कानाचे, साक्ष हाडाची

कान दुखला की आपल्याकडे घरातला प्रत्येकजण डॉक्टर होतो. आजी लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करायला घेते. शेजारच्या काकू त्यांच्याकडे उरलेली ड्रॉप्सची बाटली घेऊन येतात. कुणी आगकाडीला कापूस गुंडाळतो, कुणी केसांतला आकडा सरळ करतो आणि ‘मळ असेल, दुसरे काय!’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. बहुतेक वेळा दुखणे खरोखरच साधे असते. चार दिवसांत ते जाते आणि विसरलेही जाते.

काही मोजक्या माणसांचे दुखणे मात्र असे जात नाही. त्यांची कहाणी बरीचशी एकसारखी असते. वय बहुधा पन्नाशीच्या पुढे. दुखणे एकाच कानात. ठणका म्हणावा असा नाही, पण एक बोथट कळ सतत जाणवते. अधूनमधून त्या कानातून थोडा घाण वासाचा स्राव येतो, सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग दिसतो. ऐकू मात्र नीट येते. त्यामुळे रुग्णाला घाई नसते आणि घरच्यांनाही नसते. ड्रॉप्स घातले की आठ दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. असे महिने जातात, कधी कधी वर्षही उलटते. शेवटी एखादा कान-नाक-घसा तज्ज्ञ मायक्रोस्कोपखाली तो कान स्वच्छ करतो, तेव्हा त्याला कानाच्या नळीच्या तळाशी एक खड्डा दिसतो. खड्ड्यात मेलेल्या त्वचेचे पांढरे थर साचलेले आणि त्याखाली चक्क उघडे पडलेले हाड!

हा खड्डा किती खोल गेला आहे, हे मायक्रोस्कोपला सांगता येत नाही. तेव्हा डॉक्टर चिठ्ठी लिहितात : ‘एच.आर.सी.टी. टेम्पोरल बोन’. म्हणजे कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सी.टी. स्कॅन. कानात घालायच्या थेंबांवर भागत होते, तिथे एकदम स्कॅन कशाला, असा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांना पडतो. तो स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या आजाराच्या स्वभावात दडलेले आहे.

सरकत्या पट्ट्यावरची त्वचा

बाहेरच्या भोकापासून पडद्यापर्यंतची जी नळी, तिला कर्णनलिका म्हणतात. मोठ्या माणसात तिची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक. तिथे केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथेच असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. या हाडाच्या भागावरची त्वचा कागदासारखी पातळ असते. तिच्याखाली चरबीची गादी नाही, केस नाहीत, ग्रंथी नाहीत. ती सरळ हाडाच्या आवरणालाच चिकटलेली असते. हातापायाला खरचटले तर त्वचेखाली मांसाचा थर असतो. इथे एक ओरखडा उठला की त्याच्याखाली थेट हाड.

शरीरभर त्वचेचा वरचा थर रोज मरतो आणि झडतो. अंग चोळताना, टॉवेलने पुसताना, कपड्यांच्या घर्षणाने तो निघून जातो. कानाच्या आत कोण चोळणार? निसर्गाने तिथे एक वेगळीच योजना केली आहे. पडद्यापासून बाहेरच्या दिशेने ही त्वचा हळूहळू सरकत असते. वेग अगदीच कमी, नख वाढते साधारण तितका. दिवसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर. विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यासारखी ही त्वचा आपल्या अंगावर मृत पेशी, धूळ आणि मळ घेऊन बाहेर येते. कान स्वतःची सफाई स्वतः करतो, असे डॉक्टर सांगतात, ते शब्दशः खरे आहे.

हा पट्टा एखाद्या जागी अडला की घोटाळा सुरू होतो. अडण्याची कारणे वेगवेगळी. वाढत्या वयात तिथला रक्तपुरवठा कमी होणे, वारंवार काडी-पिन घालून त्वचा दुखावणे, पूर्वी झालेली कानाची शस्त्रक्रिया, नळीत वाढलेले हाडाचे उंचवटे, डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी पूर्वी घेतलेली किरणोपचार पद्धती. हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनंतरही कानाच्या नळीतले हाड मृत झाल्याच्या नोंदी आहेत. धूम्रपानाचाही संशय घेतला जातो. पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही.

अडलेल्या जागी मृत त्वचा थरावर थर साचत जाते. तिला सूज येते, जंतू वस्ती करतात, खालच्या हाडाचे रक्त तुटते आणि ते हाड कणाकणाने झिजू लागते. झीज बहुधा नळीच्या तळाशी किंवा मागच्या भिंतीत होते. ऐकण्याचे काम करणारा पडदा आणि त्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांची साखळी बराच काळ शाबूत राहते. म्हणून ऐकू नीट येते, आणि नेमके हेच रुग्णाला फसवते.

या आजाराला नाव मिळाले ‘कोलेस्टिॲटोमा’. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३८ साली हा शब्द रूढ केला. नावावरून वाटते की कोलेस्टेरॉलची गाठ असावी. प्रत्यक्षात त्यात कोलेस्टेरॉलचा मुख्य भाग नाही आणि ती कॅन्सरसारखी गाठही नाही. ती आहे साचलेली त्वचा. चुकीचे नाव एकदा चिकटले की निघत नाही, हा नियम वैद्यकालाही लागू आहे. पडद्यामागच्या, म्हणजे मध्यकर्णातल्या कोलेस्टिॲटोमाचे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. कान फुटण्याच्या जुन्या तक्रारीत तो आढळतो. नळीतला कोलेस्टिॲटोमा मात्र दुर्मीळ. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्यांच्याकडे एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला ०.३ रुग्ण, म्हणजे साधारण तीन लाखांत एखादा. इतका विरळ आजार गल्लीतल्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानात आला नाही तर त्यांना दोष देता येणार नाही.

एका नावाखाली दोन दुखणी

लंडनमध्ये जोसेफ टॉयनबी नावाचे कर्णतज्ज्ञ होते. त्या काळात कानाच्या रोगांना फारसे शास्त्र नव्हते. टॉयनबींनी मृतांचे जवळपास दोन हजार कान उघडून तपासले आणि कोणत्या रोगात आत काय होते याची टिपणे ठेवली. कर्णनलिकेतल्या या विकाराचे पहिले वर्णन त्यांच्या नावावर आहे. ते १८५० सालचे. त्यांनी त्याला एका वेगळ्याच त्वचाविकाराचे नाव दिले, पण पाहिले ते हेच होते, असे आज मानले जाते. कानात सतत होणाऱ्या आवाजावर औषध शोधण्यासाठी या गृहस्थांनी क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक ॲसिडच्या वाफेचा प्रयोग स्वतःवर केला आणि १८६६ साली आपल्याच तपासणीच्या खोलीत ते मृत्यू पावले.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर दोन वेगवेगळे आजार एकच समजत राहिले. दुसऱ्या आजाराचे नाव ‘केराटोसिस ऑब्ट्युरन्स’. त्यातही नळीत मृत त्वचेचा गठ्ठा होतो. पण तो बहुधा तरुणांना आणि दोन्ही कानांत होतो, दुखणे अचानक आणि जोराचे असते, गठ्ठ्याने नळी बुजल्यामुळे ऐकूही कमी येते. हाडावर दाब सगळीकडून सारखा पडतो, त्यामुळे नळी चहूबाजूंनी फुगल्यासारखी रुंद होते. कोलेस्टिॲटोमात मात्र एकाच ठिकाणी खड्डा पडतो आणि खोल जातो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८० साली ही दोन दुखणी स्पष्टपणे वेगळी करून मांडली.

फरक पुस्तकी नाही. पहिल्यात गठ्ठा काढून कान नियमित साफ ठेवला की बहुतेक काम भागते. दुसऱ्यात आत मेलेले हाड असते आणि ते राहिले तर आजार पुढे सरकतो. मग दोन्हींत भेद करायचा कसा? वय, दुखण्याचा प्रकार आणि मायक्रोस्कोप यांवरून अंदाज येतो. नळी सगळीकडून रुंद झाली आहे की एकाच जागी पोखरली गेली आहे, हे पाहायला मात्र हाडाचे चित्रच हवे.

एच.एम.व्ही.च्या घराण्यातले यंत्र

हे चित्र काढणारे यंत्र एका इंजिनीअरने बनवले. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड हे त्यांचे नाव. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते. ते ज्या इ.एम.आय. कंपनीत काम करत होते तिची एक ओळख आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगली आहे. कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या एच.एम.व्ही.च्या तबकड्या याच कंपनीच्या घराण्यातल्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्लीज हॉस्पिटलमध्ये एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. तेव्हा एकेका कापाला काही मिनिटे लागत आणि चित्र ८० बाय ८० चौकोनांचे, म्हणजे आजच्या मानाने अगदी भरड. तरीही मेंदूतला दोष त्यात दिसला. हाऊन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

साध्या एक्स-रेमध्ये डोक्याची सगळी हाडे एकावर एक पडतात. कवटीचे जाड हाड पुढे, मागे, मध्ये. त्यात काही मिलिमीटरचा खड्डा शोधणे म्हणजे भिंतीवर पडलेल्या गर्दीच्या सावलीत एक चेहरा ओळखणे. सी.टी. स्कॅनमध्ये एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते आणि संगणक त्यातून पावाच्या स्लाइससारखे काप तयार करतो. कानासाठी हे काप एक मिलिमीटरपेक्षाही बारीक घेतात. प्रत्येक ठिपक्याला घनतेप्रमाणे एक आकडा मिळतो, तो आकडा हाऊन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखला जातो. हवेचा उणे १०००, पाण्याचा शून्य, कठीण हाडाचा हजाराच्या घरात किंवा वर. कानात मुख्यतः दोनच गोष्टी आहेत, हवा आणि हाड. एक काळीकुट्ट, दुसरी पांढरीशुभ्र. सी.टी.ला याहून सोयीचा अवयव मिळणे कठीण.

तपासणी सोपी असते. कुड्या, चष्मा, कवळी काढून ठेवायची आणि पाठीवर पडून राहायचे. यंत्राचे प्रत्यक्ष काम काही सेकंदांचे. हाडच पाहायचे असल्यामुळे शिरेतून रंगद्रव्याचे इंजेक्शन बहुधा लागत नाही. एकाच वेळी दोन्ही कानांची चित्रे येतात, ही यातली मोठीच सोय. निरोगी कान शेजारीच असतो, त्याच्याशी ताडून पाहता येते.

डॉक्टर फिल्मवर काय शोधतात?

पहिला शोध अर्थातच खड्ड्याचा. नळीत एक मऊ पदार्थाचा गोळा आणि त्याला लागून खडबडीत कडांचे पोखरलेले हाड, ही या आजाराची मुख्य खूण. दुसरी खूण जास्त बोलकी आहे. त्या मऊ गोळ्यात हाडाचे सुटे कण तरंगताना दिसतात. मेलेल्या हाडाच्या ढलप्याच त्या. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी २००३ साली अशा १३ रुग्णांच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाडाची झीज सर्वांच्यात होती आणि हे सुटे कण सात जणांच्या कानात सापडले. कण दिसले तर निदानाला बळ येते. न दिसले म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही.

मग खरी परीक्षा सुरू होते : खड्डा कुठल्या दिशेला निघाला आहे? कर्णनलिकेचे शेजारी सगळेच मोठे आहेत. मागच्या बाजूला कानामागचे पोकळ हाड, म्हणजे मास्टॉइड. त्याच मागच्या भिंतीच्या आतून चेहऱ्याची हालचाल सांभाळणारी नस एका हाडाच्या नळकांडीतून खाली उतरते. पुढे जबड्याचा सांधा. तळाखाली डोक्यातले रक्त परत नेणारी मोठी शीर. वर पातळसे छप्पर आणि त्याच्यावर मेंदू. आजार यांपैकी कुणाच्या दारात पोहोचला आहे, हे बाहेरून कळण्याचा दुसरा मार्ग नाही. तोंड वाकडे झाले, चक्कर येऊ लागली की कळते. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

उपचाराचा निर्णयही इथेच होतो. खड्डा उथळ असेल, हाड फारसे गेलेले नसेल, तर शस्त्रक्रिया टाळता येते. दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन मायक्रोस्कोपखाली कान साफ करून घ्यायचा, मधल्या काळात औषध घालायचे. म्हाताऱ्या, भूल देणे जोखमीचे असलेल्या माणसासाठी हा मार्ग वर्षानुवर्षे चालू शकतो. खड्डा मास्टॉइडमध्ये शिरला असेल, किंवा मेलेले हाड खोलवर असेल, तर ते कोरून काढून नळी गुळगुळीत करावी लागते आणि त्यावर नवी त्वचा किंवा आवरण बसवावे लागते. अशा वेळी सर्जनला आधी माहीत हवे की चेहऱ्याच्या नसेवर हाडाचे कवच शिल्लक आहे की नाही. नसल्यास त्याचे ड्रिल किती जपून चालवायचे, हे ठरते. स्कॅनची फिल्म ऑपरेशन थिएटरच्या उजेडाच्या पेटीवर लावलेली असते ती उगाच नव्हे.

सोंग घेणारे शेजारी

स्कॅनचीही एक मर्यादा आहे आणि ती रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. सी.टी.ला हाड उत्तम कळते. पण नळीत भरलेला मऊ पदार्थ मळ आहे, पू आहे, मृत त्वचा आहे की कॅन्सरची गाठ, यांतला फरक त्याला सहसा कळत नाही. चित्रात सगळे सारखेच करडे. म्हणून शक्य असेल तर आधी कान साफ करावा आणि मग स्कॅन करावा, असे जाणते डॉक्टर सांगतात. नाहीतर रिपोर्टमध्ये ‘मऊ पदार्थाने नळी भरलेली आहे’ एवढेच येते आणि पैसे वाया जातात.

कर्णनलिकेचा कॅन्सर अतिशय विरळ, पण त्याचे रूप फसवे. कान वाहतो, दुखतो, आत लालसर मांस वाढलेले दिसते आणि स्कॅनमध्ये हाड पोखरलेले. हुबेहूब तेच चित्र! इथे फक्त एक गोष्ट निकाल देते : त्या मांसाचा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत तपासणे. बायोप्सी म्हटले की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो आणि ‘काप लावला तर पसरेल’ ही जुनी भीती डोके वर काढते. या भीतीपायी तपासणी लांबणीवर टाकणे हाच खरा धोका.

दुसरा शेजारी आपल्या देशात अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो मधुमेहींना गाठतो. त्याचे नाव ‘मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना’. ‘मॅलिग्नंट’ शब्दाने कॅन्सर वाटतो, पण तो कॅन्सर नाही. वयस्कर आणि साखर ताब्यात नसलेल्या माणसाच्या कानात बहुधा ‘स्यूडोमोनास’ जातीचा जंतू शिरतो, कूर्चेच्या बारीक फटींतून कवटीच्या तळाच्या हाडात जातो आणि तिथे पसरतो. अमेरिकेतले डॉ. चँडलर यांनी १९६८ साली हे नाव दिले, ते त्या काळी त्याने घेतलेल्या बळींकडे पाहून. कोलेस्टिॲटोमाची बोथट कळ आणि याचे दुखणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे दुखणे रात्री झोपू देत नाही, साध्या गोळीला दाद देत नाही. पुढे चेहऱ्याची नस सापडली की तोंड वाकडे होते, आणि घरचे लोक अर्धांगवायू समजून भलतीकडेच धावतात. कानात साध्या पाण्याची पिचकारी मारून मळ काढल्यानंतर मधुमेहींमध्ये हा आजार सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. मधुमेह्यांनी कान साफ करून घेताना आपल्याला साखर आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे, ते यासाठी.

इथे सी.टी. एकटा पुरत नाही. हाडातले सुमारे एक तृतीयांश क्षार गेल्याशिवाय त्याला झीज दिसत नाही, म्हणजे आजाराच्या सुरुवातीला रिपोर्ट चक्क ‘नॉर्मल’ येऊ शकतो. एम.आर.आय.मध्ये हाडाच्या मज्जेतली आणि कवटीखालच्या मऊ भागातली सूज आधी कळते. टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सारी द्रव्याचा बोन स्कॅनही लवकर उजळतो. पण तो इतका भाबडा की आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने उजळतच राहतो. म्हणून औषध कधी थांबवायचे हे ठरवायला पूर्वी गॅलियमचा स्कॅन करत असत. आता पुष्कळ ठिकाणी पेट-सी.टी. वापरतात. त्यात साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचले जाते, त्यामुळे तपासणीच्या दिवशी रुग्णाची स्वतःची साखर ताब्यात असावी लागते, नाहीतर चित्र अंधूक येते. प्रतिजैविके आठवडेच्या आठवडे घ्यावी लागतात आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडणारा रुग्ण पुन्हा परत येतो.

साचलेल्या त्वचेसाठीही एम.आर.आय.ची एक खास पद्धत आहे. ‘डिफ्यूजन’ नावाच्या या तपासणीत पाण्याच्या कणांची हालचाल मोजली जाते. मृत त्वचेच्या घट्ट थरांत पाण्याला हलता येत नाही, म्हणून ती जागा चित्रात दिव्यासारखी चमकते. काही मिलिमीटरचा साठाही सापडतो. मध्यकर्णाच्या शस्त्रक्रियेनंतर आजार उरला आहे का हे पाहण्यासाठी हिचा उपयोग रूढ झाला आहे. नळीच्या आजारातही, शस्त्रक्रियेनंतर खड्डा कूर्चेने बुजवून वर आवरण बसवले असेल, तर खाली काय चालले आहे ते पुन्हा न उघडता पाहण्याचा हा मार्ग आहे.

स्कॅन कुणाचा आणि कुणाचा नाही

कान दुखणाऱ्या प्रत्येकाने सी.टी.च्या दारात रांग लावावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. पोहल्यानंतरची कानदुखी, सर्दीनंतर लहान मुलाचा ठणकणारा कान, मळाचा खडा, यांना स्कॅन लागत नाही. त्यासाठी काही हजार रुपये मोजायला लावणाऱ्याला कारण विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. या स्कॅनचे किरण सहसा निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळणाऱ्या किरणांपेक्षा कमीच असतात. तरी ते किरणच आहेत, आणि लहान मुले व गर्भवती यांच्या बाबतीत डॉक्टर दहा वेळा विचार करतात.

पण एकाच कानातून महिना-दोन महिने स्राव येत असेल, ड्रॉप्स बदलूनही थांबत नसेल, स्रावाला घाण वास असेल किंवा त्यात रक्ताची झाक असेल, झोप मोडणारे दुखणे असेल आणि सोबत मधुमेह असेल, तर पुढची बाटली विकत आणण्याऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवे. पूर्वी डोक्याला किंवा मानेला किरणोपचार झाले असतील तर ते आवर्जून सांगावे. त्याचे परिणाम कित्येक वर्षांनीही कानात दिसू शकतात. तोंड वाकडे झाले असेल तर त्याच दिवशी जावे.

कान कोरण्याचे काय? मुंबईच्या, दिल्लीच्या, कोलकात्याच्या फुटपाथवर कानात सळई घालून मळ काढून देणारे कारागीर अजून भेटतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा त्यांचा धंदा, हातही सराईत. पण त्यांच्या सळईला कागदाएवढ्या पातळ त्वचेखालचे हाड दिसत नाही, आणि ती सळई दिवसभरात किती कानांतून फिरते याचा हिशेब कुणाकडे नाही. घरातली कापसाची काडी त्यांच्याहून सभ्य दिसते, इतकेच. ती मळ बाहेर काढण्याऐवजी पुष्कळदा आत ढकलते आणि सरकत्या पट्ट्याच्या उलट दिशेने घासते.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. शस्त्रक्रिया झाली तरी सरकण्याची बिघडलेली सवय त्या त्वचेत राहू शकते, म्हणून तपासणीच्या फेऱ्या वर्षानुवर्षे चालतात. दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन झाला तर खड्डा वाढला की तेवढाच आहे, हे ठरवायला जुनी फिल्म लागते. नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही. आपल्याकडे एक्स-रेच्या फिल्म गादीखाली किंवा माळ्यावर जातात आणि घर बदलताना रद्दीत निघतात. पहिली फिल्म आणि सोबत मिळालेली सी.डी. तारीख घालून, कुठला कान ते लिहून, सपाट पाकिटात ठेवावी आणि कान दाखवायला जाताना दर वेळी बरोबर न्यावी.